शत्रूचे शेवटचे प्यादे

मारेगावहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसातली सरकी वेगळी करणारी एक जिनिंग आहे. तिच्या फाटकाला लागून वजनकाट्याची खोली आहे. खोली म्हणजे तीन भिंती, एक खिडकी आणि चौथ्या भिंतीच्या जागी उभे केलेले लोखंडी कपाट. या खोलीत उकंडाभाऊ नगराळे एकवीस हंगाम बसले. भरलेली गाडी खिडकीसमोरच्या लोखंडी फलाटावर चढे. उकंडाभाऊ तिचे वजन घेत. गाडी आत जाऊन कापूस ओतून रिकामी परत येई. तिचे पुन्हा वजन होई. या दोन वजनांच्या मध्ये दहा-बारा मिनिटांचा अवकाश असे. इतर जिनिंगांमध्ये तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्यात जातो. उकंडाभाऊ तेवढ्या वेळात जगाच्या पाठीवरील कुठल्यातरी अनोळखी माणसाशी बुद्धिबळाचा एक डाव पुरता खेळत, आणि नशीब असल्यास दुसराही.

मोबाईलवरील बुद्धिबळाच्या या प्रकाराला ब्लिट्झ म्हणतात. संपूर्ण डावासाठी प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. ज्याचे घड्याळ आधी शून्यावर येईल तो हरतो, मग पटावर त्याच्या फौजा कितीही असोत. जिंकले की गुण वाढतात, हरले की उतरतात, आणि या चढउतारातून खेळाडूचे जे बळ आकड्यात सांगितले जाते त्याला रेटिंग म्हणतात. साधारण हौशी खेळाडू हजाराच्या आसपास घुटमळतो. २०१८ च्या दिवाळीत उकंडाभाऊंचे रेटिंग अठराशे ऐंशी होते.

त्यांच्या नावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्या घरात मुले जगत नाहीत, तेथे नवे मूल उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलायचे आणि त्याचे नाव उकंडा ठेवायचे, असा या भागातला जुना प्रघात. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरणाचे लक्ष जात नाही, असा त्यामागचा तर्क. उकंडाभाऊंच्या आधीची तीन भावंडे गेली होती. घर १९५६ नंतर बौद्ध झालेले. त्यामुळे वडिलांना हा प्रघात मान्य नव्हता. पण आजीने धम्म आणि उकिरडा यांत विरोध मानला नाही. मूल जगले. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, खेळाच्या संकेतस्थळावर हेच नाव रोमन अक्षरांत विराजमान झाले, आणि ब्राझीलपासून बेलारूसपर्यंत अनेकांना त्याच्याकडून पराभव पत्करावा लागला.

उकंडाभाऊंना बुद्धिबळ शिकवले बापूजी पिंपळशेंडे यांनी. बापूजी हे याच काट्यावरील त्यांचे पूर्वसुरी. त्या काळी काटा वजने टाकून तोलण्याचा होता, आणि बापूजींनी काट्यामागच्या लाकडी पेटीच्या झाकणावर चाकूने चौसष्ट घरे कोरून घेतली होती. उकंडाभाऊ तेव्हा चोवीस वर्षांचे, कापसाच्या गाठी उचलणाऱ्या टोळीत होते. बापूजींचा जुना भिडू वारला, नवा मिळेना. "हमालाईत कोनाले हे येते का?" असे त्यांनी विचारले. कोणालाच येत नव्हते. "मंग कोनाले शिकाचं आहे?" या प्रश्नावर मात्र एक हात वर झाला. पहिले वर्षभर तो हात पेटीच्या एका बाजूला जमिनीवर बसून खेळला आणि बापूजी स्टुलावर. ज्या दिवशी बापूजी प्रथम हरले, त्या दिवशी ते आत गेले आणि दुसरे स्टूल घेऊन आले. निवृत्त होताना त्यांनी काट्याच्या जागेसाठी उकंडाभाऊंचेच नाव सुचवले, आणि नंतरही रोज अकराच्या सुमारास सायकलने येऊन खिडकीबाहेरच्या बाकावर बसण्याचा नेम चालू ठेवला. वय एक्याऐंशी, सायकल त्यांच्याहून थोडी लहान.

बापूजींचा खेळ देशी रीतीचा. त्यात प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे उडी मारत नाही. राजा हत्तीच्या आडोशाला जात नाही. २०१६ च्या हिवाळ्यात मोबाईलमधले इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि उकंडाभाऊ संकेतस्थळावर दाखल झाले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवलेले पाहून त्यांनी त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवली होती. पहिल्या आठवड्यात अशा चार तक्रारी झाल्या. संकेतस्थळाने उत्तर दिले नाही. त्यांच्या लेकीने दिले. पायल तेव्हा बारावीत होती. तिने नवे नियम समजावून सांगितले आणि उकंडाभाऊंनी ते पंधरा दिवसांत आत्मसात केले.

मात्र देशी रीतीतली एक गोष्ट नियम म्हणून आली नव्हती, शील म्हणून आली होती, आणि ती जायला तयार नव्हती. बापूजींच्या रीतीत शत्रूची सर्व मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर डाव जिंकला असे मानत नाहीत. त्याला बुर्जी म्हणतात, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून जिंकत आलेला खेळाडू शत्रूचे शेवटचे प्यादे जपतो. त्याच्यापुढे आपला घोडा पहाऱ्याला उभा करतो, ते जगवतो, आणि मग उरलेल्या मोहऱ्यांनी राजाला मात देतो. तीही शक्यतो प्याद्याने, कारण प्यादेमात सर्वांत मानाची.

"राजाले एकटा पाडू नाई," बापूजी सांगत. "कोनी तरी संगं असलं पाह्यजे. मंग हरवाव त्याले."

उकंडाभाऊंच्या रेटिंगचा इतिहास आणि या तालुक्यातील कापसाचा इतिहास यांत व्यस्त प्रमाण आढळते. पहिल्या हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग असे आणि डाव अर्ध्यावर टाकावे लागत. काट्यावर छोटा हत्ती नावाचा टेम्पो चढे आणि पटावरचा मोठा हत्ती जाई. फलाटावर गाडी आली की फोन टेबलावर पालथा ठेवायचा, हा उकंडाभाऊंचा स्वतःवर घातलेला दंडक होता. घड्याळ मात्र पालथे होत नसे. त्या वर्षी ते साडेसोळाशेपर्यंत पोचले. पुढच्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बोंडे बाहेरून शाबूत आणि आतून पोखरलेली. शेतकरी दुसऱ्या वेचणीआधीच कपाशीच्या पऱ्हाट्या उपटू लागले. फाटकासमोरची रांग एका बाभळीच्या सावलीत मावू लागली. उकंडाभाऊंना डाव पूर्ण करण्यास उसंत मिळाली आणि रेटिंग अठराशेच्या वर गेले. या प्रगतीचा त्यांना निर्भेळ आनंद झाला नाही. "असं वाढून काय फायदा," ते एकदा पायलला म्हणाले, "बाराशेवर ठेव मले, पन रांग लागू दे." दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मात्र ते खेळतच होते.

त्यांना या खेळाची इतकी ओढ का, हे त्यांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी त्यांना स्पष्ट विचारले होते. उकंडाभाऊंनी बराच विचार करून सांगितले, "दिवसभर मी लोकाइचं वजन सांगतो. माहं वजन सांगनारी हे एकच जागा आहे."

"वजन पाहाचं असन तं काट्यावर उभे राहा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "जेवन तं बराबर करता."

२०१८ च्या डिसेंबरात अरिष्ट कोसळले. लालसिंग राठोड हा तांड्यावरचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. भरलेले वजन झाले, कापूस ओतला गेला, ट्रॅक्टर रिकामा परत आला; आणि उकंडाभाऊ कोणा पोर्तुगीजाच्या राजाला कोपऱ्यात कोंडण्यात इतके मग्न होते, की लालसिंग फलाटावर क्षणभर थांबून, हात हलवून, सरळ फाटकाबाहेर निघून गेला. रिकामे वजन झालेच नाही, आणि रिकाम्या वजनाशिवाय कापूस किती हे सांगता येत नाही. शोध लागला तेव्हा ट्रॅक्टर दृष्टीआड झाला होता. उकंडाभाऊंनी बापूजींची सायकल घेतली. अडीच किलोमीटरवर, चहाच्या टपरीपाशी, लालसिंग सापडला.

"काहून धावून राह्यले भाऊ?" लालसिंग म्हणाला. "काही इसरलो का मी?"

"मी इसरलो. पलट ट्रॅक्टर."

"रिकाम्या ट्रॅक्टरचं काय वजन करता? रिकामा तं आहे."

ट्रॅक्टर परत आला, पुढे लालसिंग आणि मागे ट्रॉलीत सायकलसह उकंडाभाऊ. फाटकात जिनिंगचे दिवाणजी भगवानराव उभे होते. भगवानराव हे मितभाषी आणि हिशोबी गृहस्थ. त्यांचा राग आवाजात चढत नसे, चष्म्यात चढत असे. त्यांनी सायकलीचे वजन वगळून पुन्हा वजन करवून घेतले. नंतर खोलीत येऊन टेबलावरचा फोन उचलला.

"नगराळे, हा माह्या ड्रावरमधी राहीन."

तेव्हा बाकावरून बापूजी बोलले. "भगवानराव, पोट्टं खेळाडू आहे."

पोट्टे एकोणपन्नास वर्षांचे होते.

"किती खेळाडू?" भगवानरावांनी विचारले. त्यांना प्रत्येक गोष्ट आकड्यात लागे.

बापूजींना आकडा ठाऊक नव्हता. त्यांनी एक भारदस्त आकडा सांगितला. "दोन हजाराचा."

भगवानरावांनी फोन पाहिला. तेथे अठराशे एकसष्ट असे होते. मग त्यांनी जी अट घातली ती त्यांच्या एकंदर कारकिर्दीतील सर्वांत उदार गोष्ट मानावी लागेल. "होळीच्या आदल्या दिवशी काटा बंद होते. तोवर दोन हजार झाले तं पुढच्या सीझनले फोन टेबलावर. नाई झाले तं ड्रावर, अन् मंग कायमचा ड्रावर. अन् आजपासून एकही रिकामी गाडी सुटली, तं दोन हजारची वाट पाहाची गरज नाई."

कायमचा ड्रावर याचा अर्थ खेळ कायमचा बंद. उकंडाभाऊंच्या गावात रेंज येत नसे. कडुनिंबावर चढले तर एक कांडी येई, आणि कडुनिंबावर ब्लिट्झ खेळणे त्यांच्या वयाला शोभणारे नव्हते. काटा हीच त्यांची जगाकडे उघडणारी खिडकी होती.

येथून पायलचे संशोधन सुरू होते. ती आता यवतमाळला संख्याशास्त्र शिकत होती आणि तिला प्रकल्पासाठी काही खऱ्या आकड्यांची गरज होती. मैत्रिणींनी पाऊस, आवक, बाजारभाव असे विषय घेतले होते. पायलने बापाचे सहाशे चाळीस डाव घेतले. जानेवारीच्या एका रविवारी ती निष्कर्षांची वही घेऊन काट्यावर आली. बाकावर बापूजी होते, खिडकीत उकंडाभाऊ, आणि फलाटावर एकही गाडी नव्हती.

वहीतला पहिला भाग गुणांचा होता आणि तो ऐकताना बापूजींनी टोपी नीट केली. उकंडाभाऊंची सुरुवात कोणत्याही पुस्तकात सापडत नव्हती. ते प्यादी एकेक घर, देशी चालीने, पुढे सरकवत. समोरच्यांनी पाठ केलेले सगळे डावपेच पहिल्या चार चालींतच निरुपयोगी होत आणि ती माणसे विचारात पडून घड्याळ खर्च करत. विसाव्या चालीला उकंडाभाऊंपाशी सरासरी सव्वीस सेकंद जास्त असत. घोडा ते असा चालवत, की शत्रूला तो दिसत असूनही दिसत नसे. दुपारी दोन ते चार या वेळेत त्यांचा खेळ सर्वोत्तम होता. त्याचे कारण पायलने 'जेवण' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले होते. मधल्या डावात तर ते बावीसशेच्या खेळाडूसारखे खेळत.

"मंग बावीसशे काहून नाई?" बापूजींनी विचारले.

"तेच सांगून राह्यली आजोबा. बाबा हरतात कसे ते ऐका." पायलने पान उलटले. "चौऱ्याहत्तर डाव असे आहेत, की बाबांकडं ढीगभर मोहरे, समोरच्याकडं जवळपास काहीच नाही, आणि बाबा टाईमवर हरले. त्यातल्या एकोणसाठ डावांत समोरच्याकडं नेमकं किती होतं सांगू? राजा आणि एक प्यादं. नेमकं एक. दोन नाही, शून्य नाही."

उकंडाभाऊ खिडकीतून रस्त्याकडे पाहू लागले.

"मारता येत नव्हतं असं नाही," पायल म्हणाली. "एकोणसाठपैकी सत्तावन्न वेळा एका चालीत मरत होतं. बाबा त्याच्यापुढं घोडा उभा करतात आणि मग मात शोधत फिरतात. तोपर्यंत घड्याळ संपते. आणि बाबा, इथला नियम वेगळा आहे. तुमचं घड्याळ संपलं आणि समोरच्याकडं एक प्यादं जरी उरलं असलं, तरी तो जिंकला. पण त्याचा राजा एकटा उरला असेल, तर तुम्ही हरत नाही. बरोबरी होते. ते प्यादं नुसतं मारलं असतं तरी तुम्ही आज एकोणीसशे पन्नासच्या वर असता."

शिकवण कोणाची होती, हे तिघांनाही माहीत होते.

"मोबाईलले काय संस्कार," बापूजी शेवटी म्हणाले आणि सायकलीकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पण बाकाच्या पार टोकाला बसले.

सुधारणेचा कार्यक्रम घरी सुरू झाला. पायलने लाकडी पट मांडला. त्यावर शत्रूचा राजा, शत्रूचे एक प्यादे आणि उकंडाभाऊंची चार मोहरी. ती हाताने टाळी वाजवी आणि टाळीसरशी उकंडाभाऊंनी ते प्यादे उचलायचे. दर रविवारी सकाळी पन्नास वेळा. पहिल्या दिवशी त्यांनी पन्नासपैकी एकतीस वेळा घोडा पुढे उभा केला.

"बाबा, प्यादं मारा."

"मारतो ना. पन त्याचं काही करनं नाई आता. पडलं आहे बिचारं कोपऱ्यात."

"तेच बिचारं तुमचे आठ पॉइंट घेऊन जाते."

चुलीपाशी बसलेल्या पंचफुलाबाईंनी मान वर केली. "सोता उकंडा आहेत ना ते. उरल्यासुरल्यावर जीव लागते त्याइचा."

उकंडाभाऊंनी मारलेले प्यादे डब्यात टाकवत नसे. ते सदऱ्याच्या खिशात ठेवत. सोमवारी धुणे धुताना पंचफुलाबाईंना दगडावर खटखट ऐकू येई आणि सदऱ्यातून तीन-चार काळी प्यादी निघत. एकदा एक वाहून ओढ्यात गेले. त्याच्या जागी तुरीच्या दाण्याएवढे एक सुपारीचे खांड आले आणि तेही बारा वेळा मारले गेले. रविवारच्या टाळ्यांची आणि ओढ्यातल्या प्याद्याची हकीकत यथावकाश बापूजींच्या बाकापर्यंतही पोचली.

हळूहळू हात वळला. फेब्रुवारीच्या मध्याला उकंडाभाऊ पन्नासपैकी चव्वेचाळीस वेळा मारू लागले. काट्यावरच्या डावांतही फरक पडला. एकोणीसशे दहा, एकोणीसशे चाळीस, मार्चच्या सुरुवातीला एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. या काळात एकही रिकामी गाडी सुटली नाही, कारण त्यांनी फाटकाच्या दांडीला दोरी बांधून तिचे दुसरे टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधले होते. भगवानरावांना ही व्यवस्था पसंत पडली आणि त्यांनी दोरी बदलून चांगली दिली.

पण ज्या दिवशी बापूजी बाकावर असत, त्या दिवशी घोडा पुन्हा प्याद्यापुढे जाऊन उभा राही. पायलच्या वहीत हेही नोंदले गेले. बापूजी आले नाहीत त्या अकरा दिवसांत उकंडाभाऊंनी एकही जिंकलेला डाव गमावला नाही. आले त्या दिवसांत नऊ गमावले. उकंडाभाऊंनी तिला ते पान फाडायला लावले.

होळीच्या आदल्या दिवशी आवक जवळजवळ नव्हती. त्या हंगामात पाऊसही आधीच पाठ फिरवून गेला होता. सकाळपासून दोन बैलबंड्या आल्या. रेटिंग एकोणीसशे सत्याण्णव होते, दुपारचे तीन वाजले होते, आणि चारला काटा बंद होणार होता. पायल सुटीवर आली होती. भगवानराव काही निमित्त न काढता खिडकीबाहेर उभे होते. बापूजी बाकावर होते.

संकेतस्थळाने प्रतिस्पर्धी दिला तो एकवीसशे चाळीसचा, कोणत्या तरी थंड देशाचा. तीन मिनिटे सुरू झाली आणि त्याच क्षणी फाटकातून ट्रॅक्टरचा आवाज आला. लालसिंग होता. ट्रॉली जेमतेम अर्धी. हंगामातील शेवटचा कापूस.

उकंडाभाऊंनी दंडकाप्रमाणे फोन पालथा करायला हात नेला. लालसिंगने खिडकीपाशी जमलेली माणसे पाहिली, भगवानरावांचा चष्मा पाहिला, आणि फलाटाच्या दोन हात अलीकडे ट्रॅक्टर बंद केला.

"ये ना वर," उकंडाभाऊ म्हणाले.

"मी अजून आलोच नाई," लालसिंग म्हणाला. "मी अजून रस्त्यावर आहो. खेळा तुमी. मांगच्या वेळी तुमी माह्यासाठी अडीच किलोमीटर आलते."

डाव सुरू झाला होता. प्यादी एकेक घर पुढे निघाली. थंड देशातला माणूस बराच वेळ विचारात पडला. पण तो बलवान होता आणि मधल्या डावात त्याने उकंडाभाऊंचा वजीर बदलून घेतला. मग घोड्याने आपले काम केले. समोरच्याचा हत्ती गेला, उंट गेला. शेवटी उकंडाभाऊंपाशी एक हत्ती, एक घोडा, एक प्यादे आणि चौदा सेकंद उरले. समोर राजा आणि पटाच्या कडेला एक प्यादे. नेमके एक.

हत्तीला ते मारता येत होते. घोड्याला त्याच्यापुढे उभे राहता येत होते. उकंडाभाऊंचे बोट घोड्यावर गेले. तेरा. बारा. पायलने टाळी वाजवण्यासाठी हात उचलले आणि खाली घेतले. उकंडाभाऊंनी मान वळवून बाकाकडे पाहिले. अकरा. दहा.

"माह्याकडं काय पाहून राह्यला," बापूजी म्हणाले. "मी काय घड्याळ आहो?"

उकंडाभाऊंनी हत्तीने प्यादे मारले. उरल्या नऊ सेकंदांत त्यांनी राजाला मात देण्यासाठी अकरा चाली केल्या, राजा पळत राहिला, आणि मात दोन चालींवर असताना त्यांचे घड्याळ शून्यावर आले.

पडद्यावर एक निळी पट्टी उमटली. पायलने वाचून दाखवली. वेळ संपली, पण समोरचा राजा एकटा असल्यामुळे डाव बरोबरीत. समोरचा बराच वरचा असल्याने बरोबरीचेही गुण मिळाले होते. तीन.

"दोन हजार," भगवानराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आकडा परत वाचला. "बराबर दोन हजार. फोन टेबलावर."

लालसिंगने ट्रॅक्टर सुरू केला आणि तो आता आला असे जाहीर केले.

बापूजींनी मात्र पायलला जवळ बोलावले. "काय लिवलं आहे म्हणालीस त्यात? राजा एकटा राह्यला म्हणून?"

"हो आजोबा. बरोबरी."

"म्हंजे बुर्जी." बापूजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते भगवानरावांपेक्षा कितीतरी अधिक होते. "मी पंचवीस वर्षांपासून काय सांगून राह्यलो? राजा एकटा पडला का बुर्जी. आता बेलायतेतल्या लोकाइनं बी मानलं."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बापूजी उकंडाभाऊंच्या घरी आले. सायकलीच्या मागे त्या जुन्या पेटीचे झाकण बांधलेले होते आणि हँडलला मोहऱ्यांची पिशवी लटकत होती. "हा खेळ तं पाहून घेतला तुह्या मोबाईलचा," ते म्हणाले. "आता एक आपल्या रीतीनं होऊन जाऊ दे." पंचफुलाबाईंनी चहा ठेवला. पायल वही न घेता बसली. दोघांत डाव झाला तो घड्याळाशिवाय आणि चांगला दीड तास चालला. गेल्या अकरा वर्षांत बापूजी उकंडाभाऊंशी एकदाही जिंकले नव्हते, आणि त्यांना बुर्जीही मिळाली नव्हती. उकंडाभाऊ दरवेळी शिकवणीप्रमाणे गुरूचे शेवटचे प्यादे जपत आणि मग गुरूला मात देत.

या वेळीही डाव तसाच उतरणीला लागला. बापूजींचा राजा उरला आणि एक प्यादे, तेही उकंडाभाऊंच्या हत्तीसमोर उघडे पडलेले. बापूजींनी चाल केली आणि सहज, माशी मारावी तशी, एक टाळी वाजवली.

उकंडाभाऊंचा हात हत्तीसह पुढे गेला, प्यादे उचलले गेले आणि सदऱ्याच्या खिशात पडले. सगळे मिळून एका सेकंदाच्या आत.

पायलने दोन्ही हातांनी तोंड झाकले. उकंडाभाऊ पटाकडे पाहत राहिले. पटावर बापूजींचा राजा एकटा उभा होता.

"बुर्जी," बापूजी म्हणाले, आणि चहाची बशी ओठाला लावून सावकाश संपवली. मग त्यांनी तळहात पुढे केला. "काढ ते खिशातलं. मले मोजून बत्तीस घरी न्याचे आहे. इथं राह्यलं तं पंचफुला ओढ्यात सोडून देते."